उशिरा येणारा ओढा

फार वर्षांपूर्वी, शहर अजून गावच होतं तेव्हा, पावसाचं पाणी तळ्याकडे न्यायचं काम एका वाकड्यातिकड्या ओढ्याकडे होतं. वाटेत लव्हाळ्यांशी गप्पा मारत, खळग्यांत टेकत तो रमतगमत यायचा. पुढे माणसांना घाई झाली. ओढा बुजवून त्यांनी तिथे सिमेंटचं सरळसोट गटार बांधलं.

पहिल्याच पावसात गटार धडधडत आलं. "बघ तळ्या, घटकाभरात सगळं शहर धुऊन आणलं! तुझा ओढा दिवसदिवस लावायचा."

गाड्यांचं तेल, पिशव्या, रस्त्यांवरची घाण, सगळं तळ्याच्या पोटात उतरलं होतं. एक म्हातारं कासव धापा टाकत काठावर चढलं.

"मासे मेले. ओढा होता तोवर पाणी कसं स्वच्छ असायचं. आता मलाही दुसरं पाणी शोधायला हवं," ते म्हणालं.

गटार वरमलं. "पाऊस तर तोच ना? मग ओढ्याचं एवढं काय कौतुक?"

"तो उशिरा यायचा," तळं म्हणालं. "लव्हाळ्यांत थांबायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग यायचा. आम्ही वाट बघायचो."

काही दिवसांनी गटाराच्या फटीत लव्हाळ्याचं इवलंसं रोप उगवलं. एरवी गटाराने ते ओरबाडून नेलं असतं.

त्या दिवशी पाऊस आला आणि गटार तळ्याकडे जरा उशिरा पोचलं.