ठकूबाईची कौलं

हे घर बघा. चारही भिंती शाबूत आहेत, छप्पर मात्र नाही. आणि कोपऱ्यात कौलांची एवढी रास की तीन घरं शाकारून होतील. कौलं असून छप्पर का नाही, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. आळीतलं कोणी सांगत नाही. मी सांगतो, म्हणून माझ्यावर सगळ्यांचा राग.

राणीच्या राज्यात प्लेग आला, तेव्हा या कासार आळीत एकेका खोलीत दहा-दहा माणसं राहत, असं सांगतात. मेलेला उंदीर सापडला की तपासणीवाले येत, कौलं उतरवून खोलीत ऊन घेत आणि घरातल्यांना गावाबाहेरच्या छावणीत नेत. त्या भीतीने लोकांनी युक्ती काढली. घरात उंदीर मेला की पहाटे तो गुपचूप शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर टाकायचा. शेजारी तो पुढच्या दारात टाकी. उंदीर दारोदार फिरला, मागोमाग ताप फिरला. पंधरवड्यात अकरा तिरड्या उठल्या म्हणे.

ठकूबाई कासारीण या घरात एकटी राहायची. बांगड्या भरताना बायकांची मनगटं तिच्या हातात येत, त्यामुळे कोणाच्या अंगात ताप आहे हे तिला आधी कळे. हीच चहाडी करणार, असा सगळ्यांचा संशय. एका सकाळी उंदीर तिच्या दारात आला.

तिने तो पुढे टाकला नाही. तपासणीवाल्यांना स्वतः बोलावून आणलं आणि म्हणाली, "माझ्याच घरात मेलाय." कौलं उतरली. निघताना दारातल्या बायकांना ती हळूच म्हणाली म्हणे, "कुणी टाकला ते मला ठावं हाय. ज्यानं टाकला त्यानंच माझं छप्पर घालायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

ती छावणीतच वारली. त्या दिवसापासून आळीत उंदीर सापडला नाही, असं सांगतात. मला शंका आहे. सापडला असता तर या लोकांनी सांगितलं असतं?

आजही तिच्या तिथीला प्रत्येक घरातून एक कौल येतं. वर चढवावं तर कबुली दिल्यासारखं, आणू नये तर संशय दुप्पट. म्हणून सगळे ते खालीच ठेवतात आणि एकमेकांच्या हाताकडे बघत राहतात.

या भिंतीला लागून आमचं घर. आजी मरताना काहीतरी सांगणार होती, वडिलांनी तिला बोलू दिलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते. कौल मीही आणतो. खालीच ठेवतो.