राईतली बाळंतीण

समोर राईत तो उंच बेहडा दिसतोय ना, त्याच्या ढोलीकडे बोट करू नका. आत मादी बसलीय. आता रानभर घुमला तो कलकलाट तिच्या नराचा. तुमच्या पुस्तकात या पाखराला धनेश म्हणतात, खालच्या गावांत ककणेर. इथं मात्र नर असो की मादी, आम्ही बाळंतीणच म्हणतो. हसलात तरी चालेल, दुसरं नाव घेतलेलं मला खपत नाही.

फार मागची गोष्ट सांगतात. धाकू नावाचा एक शिकारी होता. त्याची बायको आवडी पहिलटकरीण. पोर झालं आणि तिला बाळंतरोगानं धरलं. अंगावरचं मांस झडलं, दूध आटत चाललं. वैदूनं याच पाखराच्या चरबीचं तेल चोळायला सांगितलं.

दिवस चैत्राचे. या दिवसांत मादी ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. अंगावरची पिसं गाळते. नर फळं आणून भरवतो तेव्हा ती आणि पिल्लं जगतात. म्हणून तेव्हा नराला मारायचं नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. धाकूला ठाऊक नव्हतं थोडंच! पण बायको डोळ्यांदेखत चाललेली. मादीला चोच आहे, फोडील दार नि जाईल उडून, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि बाण सोडला.

तेलाचा गुण आला, म्हणे. आवडी उठून बसली, पोराला दूध आलं. पण राईतलं ओरडणं काही थांबेना.

"कोण हो ते एवढं आक्रंदतंय?" तिनं विचारलं. धाकूनं खरं सांगून टाकलं.

पोर सासूच्या ओटीत टाकून ती ओली बाळंतीण राईत गेली. धाकू फळं घेऊन झाडावर चढला. फटीत हात घातला की मादी चोच मारी. त्यानं लिंपण फोडलं, तिनं आतून पुन्हा लिंपलं. तिला तो हात वैऱ्याचा वाटला, आणि होताही वैऱ्याचाच. एकही फळ तिनं घेतलं नाही. आधी पिल्लं गप्प झाली, मग ती.

घरी आल्यावर धाकूनं बायकोपुढे पेज धरली. ती म्हणाली, "तिनं तुमच्या हातचं घेतलं नाही. मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

सासूनं पदर पसरला, गावानं समजावलं. दूध होतं तोवर आवडीनं पोराला पाजलं, अन्नाला मात्र शिवली नाही. त्यातच गेली. पोर चुलतीच्या दुधावर वाढलं, आम्ही सगळे त्याच्याच वंशातले. धाकूनं पुढं धनुष्य मोडलं असं सांगतात. मोडून काय उपयोग?

आजही आमच्याकडे बाळंतिणीला पहिला घास नवराच भरवतो. घरातली सगळी माणसं समोर उभी असतात. ती लगेच तोंड उघडत नाही. आधी विचारते, "हे कुठून आणलंत?" आणि त्याला खरं सांगावं लागतं.