गप्प बसू पाहणारा राजा

द्राक्षबागांच्या आमच्या गावात प्रणोती नावाची मुलगी होती. तिनं संगणकाला बुद्धिबळ शिकवलं होतं. तालुक्याला संगणकांचीच दोन दिवसांची स्पर्धा भरली. "पहिल्या दोघांत आले नाही, तर हा नाद सोडून दूध संघात नोकरी धरीन," असा शब्द तिनं वडिलांना, म्हणजे आण्णांना, दिला होता. नोकरी काही वाईट नव्हती. पण पोरीचं मन कुठं आहे ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

तिच्या संगणकाची एक युक्ती होती. प्रत्येक वाट शेवटपर्यंत बघत बसायची नाही. आधी स्वतःला विचारायचं, 'समजा मी खेळलोच नाही, पाळी तशीच सोडली, तरी माझं बरं चालेल का?' चालणार असेल, तर ती वाट चांगलीच धरून पुढचं बघणं तिथंच छाटायचं. त्यामुळं तो झपाझप खेळायचा. पहिल्या दिवशी तीन डाव जिंकला.

चौथ्या डावात पटावर दोन राजे आणि थोडी प्यादी उरली. जो आधी हलेल तो मेला, अशी गाठ पडली. संगणकाला वाटलं, गप्प बसलं की आपलं सगळं ठीक. पण बुद्धिबळात गप्प बसता येत नाही. पाळी आली, राजाला बाजूला सरावं लागलं. प्यादं गेलं आणि मागोमाग डावही गेला.

घरी येऊन प्रणोतीनं चिडून सगळी छाटणीच काढून टाकली. मग संगणक पहिल्याच खेळीला चहा गार होईपर्यंत विचार करत बसला.

ओट्यावर आण्णा द्राक्षाच्या कात्रीला धार लावत होते. "तोंड का पाडलंस गं?"

"छाटलं तर चुकतं आण्णा, नाही छाटलं तर वेळ संपतो."

"एप्रिलात छाटताना वेलीच्या काडीवर काय ठेवतो आपण?"

"कोंब फुटायला एक-दोन डोळे. बाकी सगळं उडवायचं."

"आन् ऑक्टोबरात तसंच उडवलं तर?"

"घडाचे डोळेच जातील. नुसता पाला! पलीकडच्या शिदूतात्यांसारखा."

"त्याला हसू नको, त्यानं एकदाच केलं. कात्री तीच असती पोरी, हंगाम बघून चालवायची."

प्रणोती उठलीच. पटावर मोहरे भरपूर असतील तोवर जुनी युक्ती; फक्त राजे आणि प्यादी उरली की ती बंद, तेव्हा बघायच्या वाटाही थोड्याच असतात. एवढंच तिनं बदललं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या डावात पुन्हा तशीच गाठ येऊ लागली. बरोबरी झाली तरी दुसरा नंबर पक्का होता. संगणक थांबला. आण्णांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आम्हा गल्लीकरांबरोबर टोपी मुठीत आवळून उभे होते. अखेर राजा एक घर मागं सरला. आता हलायची पाळी समोरच्याची, आणि त्याची पुढची वाट बंद! चार खेळ्यांत बरोबरी झाली.

आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आण्णांनी चुरगळलेली टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "दूध संघात मीच सांगून येतो, दुसरं कुणीतरी बघा म्हणावं!"

तात्पर्य: नको ते छाटावंच लागतं, पण काल साधलेली रीत आजच्या हंगामाला चालते का, हे बघूनच कात्री लावावी.