पंचनाम्यानंतर आलेली म्हैस

“मग तिला मेलेली धरायची की जिवंत, बाबा?”

रावसाहेबांनी हे इतक्या हळू विचारले, की ते नदीवरच्या धुक्यालाच विचारत आहेत असे वाटावे.

दर्ग्याचे मुजावर दस्तगीरबाबा पायरीवरचा गाळ खुरप्याने खरवडत होते. पूर ओसरला होता. चिंचेच्या वरच्या फांद्यांना वाहून आलेले गवत अजून लटकत होते. नदीने झाडावर काही वाळत घातले आणि ती विसरून गेली, असे.

म्हैस चिंचेखाली उभी होती.

ती पुरात वाहून गेली, हे साऱ्या गावाने पाहिले होते. पंचनामा झाला. सरकारी मदत मंजूर झाली. पैसे खात्यात यायचे तेवढे राहिले होते; त्यातून रावसाहेब पडलेला गोठा उभा करणार होते.

आणि आज पहाटे ती आपणहून दारात आली. गळ्यात कुणाच्या तरी दाव्याचा तुटका तुकडा, पाठीवर वाळलेला चिखल, कास भरलेली.

रावसाहेबांनी तिच्यावर पोती टाकली आणि बांधाबांधाने तिला इथे आणले. पैसे येईपर्यंत बाबांनी तिला दर्ग्यामागे ठेवून घ्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

“मी खोटं बोललो नाही,” ते म्हणाले. “लिहून घेतलं तेव्हा ती मेलीच होती.”

“तिला ठाऊक होतं का?”

रावसाहेबांनी तिच्या पाठीवरचे घसरलेले पोते सारखे केले.

खाली नदीकाठी बापू गवत कापत होता. धुक्यात त्याचे नुसते मुंडासे दिसत होते. पंचनाम्याच्या वेळी जास्त मदत मिळावी म्हणून बापूने आपले वाहून गेलेले रेडकू म्हैस म्हणून सांगितले होते. तेव्हा रावसाहेबांनीच त्याला चारचौघांत झापले. सरकार काय तुझ्या मामाचं आहे का, असे विचारले. लोक हसले. त्या दिवसापासून बापू चावडीवर येत नव्हता.

“बांध मागं,” बाबा म्हणाले. “पण कास तटतटली आहे तिची. आधी धार काढू.”

बाबा तांब्या घेऊन बसले. म्हशीने पान्हा चोरला. बाबांनी तिच्या पोटावरून हात फिरवला. ती नुसती पाय बदलत राहिली, आणि मान वळवून रावसाहेबांकडे बघत राहिली.

“परक्या हाताला सोडत नाही ती. नावानं हाक मारावी लागते.”

“मार मग.”

रावसाहेबांनी खाली पाहिले. मुंडासे गवतात हलत होते.

“मैना,” ते पुटपुटले.

म्हशीने कान हलवले. दूध आले नाही.

“घरी अशीच मारतोस हाक?”

धुके हळूहळू पातळ होत होते… म्हशीने पुन्हा पाय बदलला. तिला दुखत होते.

“मैने… ये मैने!”

हाक नदीपलीकडे गेली आणि परत आली. तांब्यात धार वाजू लागली.

खाली मुंडासे थांबले. मग वर वळले.

“बघितलं त्यानं,” रावसाहेब म्हणाले. “आता काय सांगू मी त्याला?”

बाबांनी फेसाळलेला तांब्या त्यांच्या हातात दिला.

“आधी दूध दे. निवायच्या आत.”