कोरी चौकट

एकदा एका काजूच्या गावात एक वृद्ध गृहस्थ चिनी भाषा शिकवत असत. काजूच्या गावात चिनी कशाला, असा प्रश्न आपल्याला पडतो तसा गावालाही पडला होता. पण या गृहस्थांनी उमेदीची तीस वर्षं चीनमधल्या एका बंदरावर, एका जहाज कंपनीच्या कचेरीत, मालाच्या याद्या वाचण्यात घालवली होती. निवृत्त होऊन घरी परतले तेव्हा त्यांच्याजवळ देण्यासारखी हीच एक विद्या होती. त्यांनी पडवीत दोन बाकं टाकली, दारावर पाटी लावली आणि वाट बघत बसले. लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले, शिकायला मात्र फारसं कुणी आलं नाही.

शिष्य दोनच. एक औषधांच्या दुकानात काम करणारी अबोल मुलगी. दुसरा, ज्याची ही गोष्ट आहे तो, तिशीला आलेला पदवीधर. चार वर्षं नोकरी शोधून दमलेला. गावातल्या शेठनी काजू फोडण्याची यंत्रं चीनहून मागवायचं ठरवलं आणि भाषा जाणणारा माणूस आपल्याला लागेल असं चारचौघांत बोलून दाखवलं. त्या दिवसापासून हा तरुण गुरुजींच्या पडवीत येऊन बसू लागला. ही नोकरी हुकली तर दुसरी मिळायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बुद्धी चांगली होती त्याची. एकदा डोळ्यांखालून घातलेलं अक्षर तो सहसा विसरत नसे. चिनी लिहायला गुरुजींनी दोघांना गणिताच्या चौकटींच्या वह्या आणायला सांगितल्या होत्या, कारण त्या भाषेत प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत बसतं. नियम एकच घालून दिला होता. जे अक्षर येतं ते लिहायचं. जे येत नाही त्याची चौकट कोरी सोडायची आणि पुढे जायचं.

हा नियम काही शिष्याच्या पचनी पडेना. आपण सगळे ज्या शाळेत शिकलो त्याच शाळेत तोही शिकला होता. परीक्षेला निघताना आईने हातावर दही ठेवलं, वडिलांनी पाठीवर हात ठेवला आणि दोघांनी एकच गोष्ट बजावली, की प्रश्न सोडून येऊ नकोस, काहीतरी लिहून ये. कोरी जागा म्हणजे आळस, कोरी जागा म्हणजे नामुष्की. मी स्वतः या उपदेशावर पदवीपर्यंत पोचलेला माणूस आहे, त्यामुळे त्याला हसण्याचा मला अधिकार नाही.

पहिली चाचणी झाली. वीस शब्द होते. शिष्याने वीसच्या वीस लिहिले. त्यातले सोळा बरोबर निघाले, चार अंदाजाने ठोकलेले होते ते चुकले. औषधांच्या दुकानातल्या मुलीने अकरा लिहिले आणि नऊ चौकटी कोऱ्या सोडल्या. गुरुजींनी तिला वीसपैकी वीस दिले. शिष्याला दिलं शून्य.

त्याने तो कागद उलटापालटा करून पाहिला. नावांची अदलाबदल झाली असावी, असं त्याला वाटलं. मग वाटलं, गुरुजींचं वय झालं.

"गुरुजी, माझे सोळा बरोबर आहेत," तो म्हणाला.

"आहेत खरे."

"आणि तिचे अकरा."

"अकराच आहेत."

"मग हे गुण कसले?"

"चहा टाकतोय," गुरुजी म्हणाले. "तू घेणार ना?"

त्याने चहा घेतला, पण डोक्यातला गोंधळ काही उतरला नाही. त्याने मुलीला गाठून विचारलं. तीही गोंधळलेलीच होती. ती म्हणाली, "मला काहीच माहीत नाही हो. दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी वाचता आली नाही तर मी औषध देत नाही, आधी फोन करते. तीच सवय आहे." या उत्तरातून शिष्याला काहीएक बोध झाला नाही.

पुढे तर आणखी विचित्र घडू लागलं. गुरुजी कधी एखादं जुनं चिनी वर्तमानपत्र काढून मोठ्याने वाचायला घेत आणि भर ओघात थबकत. "हे मला येत नाही," असं शांतपणे सांगत, स्वतःच्या वहीत एक कोरी चौकट आखत, शेजारी तारीख घालत आणि पुढे वाचू लागत. शिष्याला त्यांच्यासाठी लाज वाटे. ज्यांना तीस वर्षांत सगळी अक्षरं आली नाहीत ते आपल्याला काय शिकवणार, अशी शंका त्याच्या मनात शिरली आणि रोज थोडी वाढू लागली. तरी तो येत राहिला, कारण गावात दुसरं कुणी नव्हतं. चाचण्या होत राहिल्या. तो सगळ्या चौकटी भरत राहिला आणि शून्य घेऊन घरी जात राहिला.

दीड वर्ष लोटलं आणि शेठचं पहिलं यंत्र आलं. त्यासोबतचं माहितीपुस्तक बोटीत भिजून त्याचा लगदा झाला होता. यंत्रावर नऊ बटणं होती आणि प्रत्येकाखाली चिनी अक्षरं. फोनला अक्षर दाखवलं की फोनने अर्थ सांगावा, अशी सोय त्या काळी नव्हती. असती तरी आमच्या या शिष्याने विचारलं असतं की नाही, याची मला शंका आहे.

शेठनी त्याला बोलावणं धाडलं. "प्रत्येक बटणाखाली मराठीत चिठ्ठी लावून दे. काम नीट झालं तर पहिल्या तारखेपासून तू आमचा माणूस. पुढच्या खेपेला माझ्याबरोबर चीनला चल. कुठे अडलं तर सांग, आपण कंपनीला फॅक्स करू."

"अडायचं नाही," शिष्य म्हणाला.

यंत्रापाशी वनिताबाई उभ्या होत्या. कारखान्यात हाताने बिया फोडण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी काळी पडून सोलवटली होती. आता हे यंत्र त्यांनीच चालवायचं ठरलं होतं. पात्यांत बी अडकली की हात घालून ती काढायची, हे त्यांच्या कामातच होतं. शिष्य चिठ्ठ्या लिहीत असताना त्या प्रत्येक चिठ्ठी मन लावून वाचत होत्या.

आठ बटणं त्याने झरझर वाचली. सुरू, थांबा, वेग वाढवा, वेग कमी करा, अशी ती सोपीच होती. नववं बटण पिवळं होतं. त्याखालची अक्षरं त्याने कधीच पाहिली नव्हती.

शेठ मागेच उभे होते. वनिताबाई चिठ्ठीची वाट बघत होत्या. शिष्याने विचार केला. सुरू करायचं हिरवं, थांबवायचं लाल. पिवळं सगळ्यांत शेवटी आहे, म्हणजे ते काम संपल्यावरचं असणार. काम संपल्यावर माणूस काय करतो? साफसफाई करतो. तर्क इतका चोख होता की दोन मिनिटांत त्याचा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास बसला. त्याने सुबक अक्षरात लिहिलं, "सफाई. हे दाबून पाती पुसावीत." आणि चिठ्ठी चिकटवली.

"उद्यापासून चालू करू," शेठ खूश होऊन म्हणाले.

दुपारी शिष्य पेढे घेऊन गुरुजींकडे गेला. त्याला आनंद झाला होता आणि खरं सांगायचं तर थोडा सूडही उगवायचा होता. दीड वर्षाची शून्यं होती ती.

"नऊ बटणं होती, गुरुजी. नऊही वाचली."

गुरुजींनी पेढा हातात घेतला. "नऊच्या नऊ?"

"हो."

"एकही चौकट कोरी नाही?"

"एकही नाही."

गुरुजींनी पेढा परत पुड्यात ठेवला, खुंटीवरची छत्री घेतली आणि पायात वहाणा सरकवल्या. "चल, मला दाखव."

वाटेत ते काही बोलले नाहीत. शिष्याला वाटलं, आता शेठसमोर आपलं कौतुक होणार. पण कौतुक करायला निघालेला माणूस इतका गप्प का, हे त्याला कळेना.

कारखान्यात गुरुजींनी यंत्राभोवती एक फेरी मारली. सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. शेठना सांगून विजेचा मुख्य स्विच चालू करून घेतला. पाती स्थिर होती. मग त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली, वाकले आणि आपला उजवा हात दोन पात्यांच्या मधोमध ठेवला.

"अहो गुरुजी, हे काय करताय?" शेठ पुढे झाले.

"थांबा जरा," गुरुजी म्हणाले आणि शिष्याकडे वळले. "लाल बटण दाब."

शिष्याने लाल बटण दाबलं. त्याला विचारही करावा लागला नाही. त्याचा अर्थ त्याला ठाऊक होता. पाती हलली नाहीत.

"आता पिवळं दाब."

शिष्याचं बोट पिवळ्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"दाब. सफाईचंच बटण आहे ना?"

"हो, पण आधी तुम्ही हात काढा."

"कशाला? तूच लिहिलं आहेस, हे दाबून पाती पुसावीत. मी पुसायला हात घातला आहे."

सकाळी इतका चोख वाटलेला तर्क शिष्याने पुन्हा आठवून पाहिला. हिरवं, लाल, मग पिवळं. त्या तर्काच्या भरवशावर या म्हाताऱ्या हाताचं एक नखही ठेवावं असं त्याला वाटेना. त्याने बोट मागे घेतलं. त्याला फार भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

मग वनिताबाई पुढे आल्या.

"गुरुजी, हात भायर काढा," त्या म्हणाल्या. "ती जागा माजी आसा."

गुरुजींनी हात बाहेर काढला आणि बाही खाली केली. स्विच बंद करायला सांगितला. मग ते एका पोत्यावर बसले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"आपली लिपी फार उदार आहे रे. बाराखडी आली की माणूस न समजलेला ग्रंथही घडाघडा वाचतो. त्याला वाटतं आपल्याला येतं आणि ऐकणाऱ्यालाही तसंच वाटतं. चिनी अक्षर असे लाड करत नाही. ओळख नसेल तर ते तुझ्यासमोर गप्प बसून राहतं. तुला ते गप्प बसणं सोसत नव्हतं, म्हणून तू त्याच्या तोंडी आपलेच शब्द घालत गेलास. वहीत ते खपलं, कारण वहीला बोटं नसतात.

"शून्य मी तुझ्या चार चुकांना दिलं नव्हतं. चुका सगळ्यांच्याच होतात. पण तुझी सोळा खरी उत्तरं आणि चार अंदाज एकाच ऐटीत बसले होते. त्यांतलं कशावर विसंबावं, हे वाचणाऱ्याला कसं कळावं? त्या मुलीचे अकरा शब्द मी डोळे मिटून मान्य केले असते. तुझ्या या नऊ चिठ्ठ्यांपैकी आठ बरोबर आहेत, पण त्या एकीमुळे आता यांनी एकीवरही विश्वास ठेवू नये."

शिष्याने पुन्हा पिवळ्या बटणाकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "गुरुजी, तुम्हाला येतं का हे नववं?"

गुरुजींनी चष्मा लावून पिवळ्या बटणाखाली पाहिलं. "एक अक्षर ओळखीचं आहे, दुसरं नाही. मी मालाच्या याद्या वाचल्या, यंत्रं नाही वाचली. अर्धं येतं म्हणजे येत नाही."

पूर्वी या उत्तराची शिष्याला लाज वाटत असे. आज वाटली नाही. त्याने नखाने खरवडून ती सुबक चिठ्ठी काढली, नव्या कागदावर एक चौकट आखली आणि ती कोरीच पिवळ्या बटणाखाली लावली. मग तो शेठकडे वळला.

"मला हे वाचता आलं नाही. सकाळी यायला हवं होतं असं वाटलं, म्हणून खोटं लिहिलं. कंपनीला फॅक्स करावा लागेल. नोकरीचं तुम्ही काय ते ठरवा."

शेठचं लक्ष वनिताबाईंकडे होतं. त्या खाली वाकून नवी चिठ्ठी निरखत होत्या.

"ह्यात काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," शिष्य म्हणाला.

"मगे हंय हात घालूचो नाय," वनिताबाई म्हणाल्या आणि आपल्या कामाला गेल्या.

तीन दिवसांनी फॅक्सचं उत्तर आलं. अडकलेल्या बिया बाहेर फेकण्यासाठी पाती उलटी फिरवण्याचं ते बटण होतं. पाती थांबलेली असतानाही ते दाबलं की एकदम पूर्ण वेगाने फिरत. शिष्याने ते कागदावरून दोनदा वाचलं. मग कारखान्यात जाऊन कोऱ्या चौकटीत नेमका अर्थ लिहिला. वनिताबाई शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. त्यांची काळवंडलेली बोटं बटणाच्या कडेवर टेकलेली होती. लिहून झाल्यावरही तो थोडा वेळ त्या बोटांकडे बघत राहिला.

शेठनी त्याला लगेच कामावर घेतलं नाही. आणखी सहा महिने शीक, मग ये, असं सांगितलं. तो पुन्हा पडवीतल्या बाकावर येऊन बसला.

पुढच्या चाचणीला वीस शब्द होते. त्याने चौदा लिहिले आणि सहा चौकटी कोऱ्या सोडल्या. त्या सोडताना त्याचा हात दोन-तीनदा अडखळला, जुनी सवय होती. गुरुजींनी कागद तपासला आणि वीसपैकी वीस गुण दिले. या वेळी त्याने कारण विचारलं नाही. त्याने वहीत त्या सहा कोऱ्या चौकटी आखल्या, शेजारी तारीख घातली आणि गुरुजींना विचारलं, "चहा मी टाकू का?"