लिंबाजीची कोठी आणि सरकारची तपासणी

एका गावात एक भोळा कोठीवाला होता. नाव लिंबाजी. गावाबाहेर सरकारी दवाखाना होता, मन आजारी पडलेल्या बायकांचा. तिथली सामानाची कोठी लिंबाजी सांभाळायचा. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करायचा. घोळ तिथंच व्हायचा.

दवाखाना चालायचा सरकारी अनुदानावर. यंदाचा पहिला हप्ता आला तो अट घेऊनच. वर्षात दहा तरी बायका बऱ्या होऊन घरी गेल्या पाहिजेत. साहेब येऊन तपासतील, मगच दुसरा हप्ता. नाहीतर औषधं बंद. डॉक्टरीणबाईंनी लिंबाजीला हे सगळं समजावलं आणि वर बजावलं, की सरकारी वस्तू आली तर जपून ठेव.

आधी आल्या चादरी. लिंबाजीनं त्या जपून ठेवल्या. कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली. बायका थंडीनं कुडकुडत बसल्या.

बाई म्हणाल्या, "अरे, वस्तू कोंडायची नसते. आली की त्याच दिवशी बायकांना वाटायची."

"बरं बाई," लिंबाजी म्हणाला.

मग आला भिंतींचा रंग, चांगला निळाशार. लिंबाजीनं तो त्याच दिवशी वाटला. जेवणाच्या पंगतीत, प्रत्येकीला वाटी वाटी. हौसाक्का तिथली जुनी रुग्ण. तिनं वाटी निरखली आणि विचारलं, "लिंबाजीभाऊ, हे भातावर घ्यायचं, का नुसतंच प्यायचं?"

लिंबाजीला तरी कुठं ठाऊक? म्हणाला, बाईंना विचारून सांगतो.

बाईंनी धावत येऊन वाट्या उचलल्या. "अरे, असं वाटत सुटलास तर सरकारला काय दाखवू? आधी वस्तूवर नंबर घालायचा, वहीत लिहायचं, मग वाटायचं."

"बरं बाई."

मग आली केळी. दोनशे. लिंबाजी निळा रंग घेऊन बसला आणि एकेका केळ्यावर नंबर घालत गेला. चार दिवस लागले. तोवर केळी काळी ठिक्कर पडली आणि उकिरड्यावर गेली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "वहीत दोनशे केळी, आणि कोठीत एक सालसुद्धा नाही. लिंबाजी, नीट ऐक. वहीत जेवढं लिहिलंय, तेवढं साहेबांना जागेवर दिसलं पाहिजे."

हे मात्र लिंबाजीला पुरतं पटलं.

बाईंनी वर्षभर जीव तोडून काम केलं. दहा सोडा, बारा बायका बऱ्या झाल्या. हौसाक्कासुद्धा लेकीकडं गेली, नातवंडांना भाकऱ्या थापून घालू लागली. बाईंनी बाराजणींची नावं खाटांच्या नंबरासकट वहीत लिहिली आणि तपासणीच्या आदल्या दिवशी साहेबांना आणायला एसटीनं तालुक्याला गेल्या.

इकडं पहाटे लिंबाजीनं वही उघडली. नावं बारा. वॉर्डात जाऊन बघतो, तर बाराच्या बारा खाटा रिकाम्या. ड्रायव्हरला उठवून तो दवाखान्याची गाडी घेऊन गावोगाव फिरला. दारोदारी एकच सांगणं, बाईंचं मोठं काम अडलंय, चला. ज्या बाईंनी बरं केलं त्यांना नाही कोण म्हणणार? हौसाक्का तर पिठाच्या हातानं गाडीत बसली.

दुपारी साहेब आले. बाई हसतमुखानं वॉर्डाशी आल्या. म्हणाल्या, "बघा साहेब, बारा खाटा रिकाम्या." आणि दार उघडलं.

बाराही खाटांवर बायका. गळ्यापर्यंत चादरी, कपाळावर निळे नंबर.

लिंबाजीनं साहेबांना सलाम ठोकला. "मोजून घ्या साहेब, वहीत आहेत तेवढ्या आहेत. एकीलाही घरी राहू दिलं नाही."