कोंबडीची शिकवणी

फार पूर्वी एका तळ्याकाठी एका कोंबडीने बदकाची अंडी उबवली. पिल्लं निघाली ती थेट पाण्यात. "पंखाखाली या रे!" ती काठावरून ओरडे, पण पिल्लांना कोंबड्यांची भाषा कळेना.

मग ती रोज म्हाताऱ्या बदकिणीकडून बदकांचा एकेक शब्द शिकू लागली.

"या वयात कसली गं शिकवणी?" कोंबडा हसला.

"लेकरं पाण्यातली आहेत माझी," म्हणत ती त्या दिवशीचा शब्द घोकत बसली: बुडी. कोंबड्यांत तो शब्दच नव्हता.

एका दुपारी घार झेपावली. "बुडी मारा!" कोंबडी जिवाच्या आकांताने ओरडली. पिल्लं पाण्याखाली गेली आणि घार रिकाम्या पंजांनी परतली.

कोंबडी काठावर बसली. ओलंचिंब धाकटं पिल्लू तिच्याजवळ आलं आणि कोंबड्यांच्या भाषेत बोबडं बोललं, "पंखाखाली येऊ?"